दोन अणूंची सोयरीक व आमच्या मुलांचे शिक्षण

यंदा पावसाळ्याच्या आरंभी एका पालकांनी आम्हांस एक प्रश्न विचारला. प्रश्न रोखठोक होता, व विचारणाराच्या मनात कुत्सितपणाचा लवलेशही नव्हता. ते म्हणाले, "गुरुजी, आमच्या पोराला पुढे नागलीच लावायची आहे. मग त्याला हे इलेक्ट्रॉन नि रेणू कशासाठी शिकविता? त्यापेक्षा हिशेब नि अर्ज लिहिणे शिकवा. तेवढे पुष्कळ झाले." त्या वेळी आम्ही काहीतरी उत्तर देऊन वेळ मारून नेली, परंतु प्रश्न मनातून गेला नाही. या वार्षिक अंकाच्या निमित्ताने त्याचे सविस्तर उत्तर देण्याचे आम्ही योजिले आहे. ते त्या पालकांस जितके उद्देशून आहे, तितकेच आमच्या विद्यार्थ्यांस व, खरे सांगावयाचे तर, आम्हां शिक्षकांसही आहे.

जव्हार व मोखाडा या आमच्या डोंगरी तालुक्यांविषयी बाहेरच्या सुशिक्षितांत एक समज रूढ आहे. तो असा की, येथील मुलांस 'उपयोगापुरते' शास्त्र शिकविले म्हणजे काम भागले. तत्त्वाचे सखोल ज्ञान हे शहरातील मुलांनी घ्यावे. हा समज दयाबुद्धीतून उत्पन्न झालेला असेल. परंतु तो अन्यायाचा आहे असे आमचे स्पष्ट मत आहे. जेवणाच्या पंगतीत एकास पूर्ण ताट व दुसऱ्यास केवळ पोट भरण्यापुरती भाकर असा भेद कोणी केला, तर आपण त्यास दोष देतो. ज्ञानाच्या पंगतीतही तोच न्याय लावला पाहिजे. आणि मौज ही की, ज्यास लोक केवळ विद्वानांच्या करमणुकीचे तत्त्व समजतात, त्याचाच संबंध आपल्या नागलीच्या वाफ्याशी व थंडीतील शेगडीशी फार जवळचा निघतो. आमचे हे म्हणणे पटविण्यासाठी आम्ही एकच उदाहरण घेतो : दोन अणू एकमेकांस कसे धरून राहतात?

आठवी-नववीच्या इयत्तेत मुलांस शिकविले जाते की, अणूच्या बाहेरच्या कक्षेत आठ इलेक्ट्रॉन झाले म्हणजे तो तृप्त होतो. ज्यास कमी पडतात, तो दुसऱ्याशी भागीदारी करतो. या भागीदारीलाच बंध म्हणतात. इलेक्ट्रॉनांच्या जोडीने अणू बांधले जातात हा विचार गिल्बर्ट लुईस या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने १९१६ साली मांडला. विचार उत्तम आहे, व त्याच्या आधारे शेकडो पदार्थांची रचना सांगता येते. त्यास टाकून द्यावे असे आम्ही म्हणत नाही. मात्र चालावयास शिकताना बालकास जसा पांगुळगाडा लागतो, तसा हा नियम आहे. पांगुळगाडा म्हणजेच पाय असे मुलाने समजू नये, एवढेच आमचे सांगणे.

हा नियम कोठे अडतो ते पाहा. ज्या प्राणवायूवर, म्हणजे ऑक्सिजनवर, आपला प्रत्येक श्वास अवलंबून आहे, त्याच्याच बाबतीत तो अडखळतो. अष्टकाच्या नियमाप्रमाणे ऑक्सिजनच्या दोन अणूंमध्ये दोन जोड्यांची भागीदारी होते व सर्व इलेक्ट्रॉन जोडीने राहतात. आता, ज्यातील सर्व इलेक्ट्रॉन जोडीने आहेत असा पदार्थ चुंबकाकडे ओढला जात नाही. परंतु ऑक्सिजन ओढला जातो! वायूरूप ऑक्सिजनचा हा गुण मायकेल फॅरडे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ओळखला होता. पुढे १८९१ साली जेम्स ड्यूअर यांनी असे दाखविले की, अतिशय थंड करून द्रव केलेला ऑक्सिजन प्रबळ चुंबकाच्या ध्रुवांस जाऊन चिकटतो. हा द्रव फिकट निळा असून उणे १८३ अंश सेल्सिअस तपमानास उकळतो. द्रव नायट्रोजन त्याच ठिकाणी ओतला तर तो सरळ खाली वाहून जातो. वस्तुस्थिती डोळ्यांसमोर लोंबकळत आहे आणि नियम म्हणतो की असे होणार नाही. मग चूक कोणाची? सृष्टी कधी चुकत नाही. आपलीच समजूत अपुरी असते.

ही अपुरी समजूत पुरी करण्याचे काम १९२७ च्या सुमारास जर्मनीत फ्रीडरिख हुंड व अमेरिकेत रॉबर्ट मुलिकन यांनी आरंभिले. आणि १९२९ साली जॉन लेनर्ड-जोन्स या इंग्रज शास्त्रज्ञाने याच मार्गाने जाऊन ऑक्सिजनच्या चुंबकत्वाचा उलगडा केला. मुलिकन यांस त्यांच्या कार्याबद्दल १९६६ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचा मूळ विचार गणिताच्या जंगलात न शिरताही समजण्याजोगा आहे.

जव्हारच्या जयसागराच्या काठी उभे राहून शांत पाण्यात दोन खडे थोड्या अंतरावर एकाच वेळी टाका. दोन्हींच्या लाटा वर्तुळाकार पसरतात व एकमेकींत मिसळतात. जेथे उंचवट्यावर उंचवटा येतो, तेथे पाणी अधिक उसळते. जेथे उंचवट्यावर खळगा येतो, तेथे पाणी निवांत राहते. इलेक्ट्रॉनाचे वर्तनही लाटेसारखे असते. अणूमध्ये ही लाट ज्या आकाराने नांदते, त्या आकारास कक्षक म्हणतात. पाण्याच्या लाटेशी तिचे साम्य सर्वस्वी नसले, तरी मिसळण्याची रीत तीच आहे. दोन अणू जवळ आले म्हणजे त्यांच्या दोन लाटा दोन प्रकारे मिसळू शकतात. एका प्रकारात त्या एकमेकींस पुष्टी देतात; तेव्हा दोन अणुकेंद्रांच्या मधल्या जागेत इलेक्ट्रॉनांचा वावर वाढतो, दोन्ही केंद्रे त्या मधल्या ऋण भाराकडे ओढली जातात व अणू सांधले जातात. हा बंधकारी कक्षक होय. त्याची ऊर्जा मूळच्यापेक्षा कमी असते. दुसऱ्या प्रकारात लाटा मधोमध एकमेकींस मारतात. मधली जागा ओस पडते, केंद्रे एकमेकांस दूर लोटतात. हा बंधविरोधी कक्षक. त्याची ऊर्जा मूळच्यापेक्षा जास्त असते. हे दोन्ही कक्षक एका अणूचे नसून अखंड रेणूचे असतात, हेच या विचाराचे मर्म. लग्न झाल्यावर जसे दोन घरांचे मिळून एक घर होते, आणि त्यात सोयही नांदते व भांडणही नांदते, तसेच हे आहे.

आता या कक्षकांत इलेक्ट्रॉन कसे भरावयाचे? वसतिगृहाचे उदाहरण घेऊ. खोल्या खालच्या मजल्यापासून भराव्या. एका खोलीत दोघांहून अधिक राहू नयेत. आणि एकाच मजल्यावर दोन सारख्या खोल्या रिकाम्या असतील, तर आधी प्रत्येकीत एकेकाने राहावे व मगच जोडी करावी. शेवटचा नियम हुंड यांच्या नावाने प्रसिद्ध आहे. सर्व इलेक्ट्रॉन बसवून झाले म्हणजे बंधकारी खोल्यांतील संख्येतून बंधविरोधी खोल्यांतील संख्या वजा करावी व बाकीस दोहोंनी भागावे. जे उत्तर येईल ती बंधसंख्या. पाचवीच्या मुलास येणारे हे गणित आहे.

हायड्रोजनच्या रेणूत दोन इलेक्ट्रॉन. दोन्ही बंधकारी खोलीत बसतात. बंधसंख्या एक. हेलियमचे दोन अणू एकत्र आणले तर इलेक्ट्रॉन चार होतात : दोन जोडणारे, दोन तोडणारे, बाकी शून्य. म्हणून हेलियम एकटाच फिरतो, त्याची सोयरीक जमत नाही. नायट्रोजनच्या रेणूत चौदा इलेक्ट्रॉन. दहा जोडणारे, चार तोडणारे. बाकी सहा, म्हणजे बंधसंख्या तीन. ऑक्सिजनच्या रेणूत सोळा, दहा जोडणारे, सहा तोडणारे, बंधसंख्या दोन. येथवर अष्टकाच्या नियमानेही हीच उत्तरे आली असती. परंतु ऑक्सिजनचे शेवटचे दोन इलेक्ट्रॉन कोठे बसले ते पाहा. त्यांच्या वाट्यास एकाच मजल्यावरील दोन सारख्या बंधविरोधी खोल्या आल्या. म्हणून ते जोडीने न राहता एकेका खोलीत एकटे राहिले. एकटा इलेक्ट्रॉन म्हणजे एक सूक्ष्म चुंबकच होय. झाले, ड्यूअर यांच्या चुंबकास लोंबकळणाऱ्या निळ्या द्रवाचे कोडे सुटले!

याहून मौजेची गोष्ट पुढे आहे. ऑक्सिजनच्या रेणूतून एक इलेक्ट्रॉन काढून घेतला तर बंध दुबळा होईल असे कोणासही वाटेल. प्रत्यक्षात तो बळकट होतो, व दोन अणूंमधील अंतर सुमारे १२१ पिकोमीटरवरून ११२ पिकोमीटरवर येते. कारण जो गेला तो तोडणारा होता. नायट्रोजनमधून एक काढला तर मात्र बंध ढिला होतो; कारण तेथे जो गेला तो जोडणारा होता. घरातून माणूस गेला म्हणजे घर दुबळेच होते असे नाही. जाणारा कोण, यावर ते अवलंबून असते.

"हे सर्व ठीक, पण आमच्या नागलीचे काय?" असे ते पालक येथे विचारतील. त्याचेच उत्तर आता देतो.

आपल्या उतारावरच्या वरकस जमिनी हलक्या. पावसाच्या माऱ्याने त्यांतील कस वाहून जातो. पिकास नत्र हवे असते, व नत्र म्हणजेच नायट्रोजन. आता हवेचा सुमारे ७८ टक्के भाग नायट्रोजनच आहे. एका गुंठ्यावर हवेचा जो उंच स्तंभ उभा आहे, त्यातील नायट्रोजनचे वजन आमच्या हिशेबाने सातशे टनांहून अधिक भरते. डोक्यावर एवढी संपत्ती असून रोप खाली उपाशी का राहते? त्या बंधसंख्या तीनमुळे! २८ ग्रॅम नायट्रोजनमधील अणू एकमेकांपासून तोडावयाचे तर ९४५ किलोज्यूल ऊर्जा लागते. एवढ्या उष्णतेने सुमारे तीन लिटर थंड पाण्यास उकळी येईल. ३२ ग्रॅम ऑक्सिजनला ४९८ किलोज्यूल पुरतात. नायट्रोजनची गाठ इतकी घट्ट आहे की, रोपाच्या मुळास ती सोडविता येत नाही.

ही गाठ माणसाने कशी सोडविली? जर्मनीत फ्रिट्स हाबर यांनी १९०९ साली नायट्रोजन व हायड्रोजन यांपासून अमोनिया करून दाखविला, व १९१३ साली त्याचा कारखाना निघाला. तेथे सुमारे ४०० ते ५०० अंश तपमान, हवेच्या दाबाच्या शेकडोपट दाब, आणि लोखंडाचा आधार लागतो. लोखंड काय करते? नायट्रोजनच्या रेणूस आपल्या पृष्ठावर धरून त्याच्या रिकाम्या बंधविरोधी खोल्यांत ते आपले इलेक्ट्रॉन लोटते. तोडणारे वाढले की गाठ सैल पडते. आपल्या दुकानी येणारे युरियाचे पोते याच कृतीचे फळ आहे; मुंबईजवळ ट्रॉम्बे येथे व अलिबागेजवळ थळ येथे असे खतांचे कारखाने आहेत. परंतु आमच्या आजेमंडळींस या गाठीचा दुसरा उपाय न शिकता ठाऊक होता. नागली-वरईनंतर त्याच रानात उडीद घ्यावा असे ते सांगत. उडदाचे रोप अलगद उपटून पाहा. मुळांवर बारीक गाठी दिसतील. त्यांत राहणारे सूक्ष्म जंतू हेच काम शेताच्या साध्या तपमानात, भट्टीशिवाय करतात. त्यांच्या साधनातही लोखंड असते, व त्याच्या जोडीस मॉलिब्डेनम हा धातू असतो. ज्या मुलास हे कळले, तो उडीद केवळ 'रीत आहे' म्हणून पेरणार नाही. कारण जाणून पेरील. राब भाजताना पाल्यातील नत्राचा मोठा भाग धुराबरोबर उडून जातो व राखेत पालाश राहते, हेही तो समजेल, आणि शेतास काय द्यावयाचे राहिले याचा विचार करील.

दुसरा दाखला याहून गंभीर आहे. जव्हार-मोखाड्याची हिवाळ्यातील थंडी सर्वांस ठाऊक आहे. रात्री दारे लावून आत कोळशाची शेगडी ठेवण्याची पद्धत कित्येक घरी असते. दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेलेली कुटुंबेही झोपडीत अशी ऊब करतात. हवा अपुरी असता कोळशापासून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्यास रंग नाही, वास नाही. त्याच्या रेणूत इलेक्ट्रॉन किती? चौदा, नायट्रोजनइतकेच. वजनही जवळजवळ तेवढेच, बंधसंख्याही तीन, गाठ तर नायट्रोजनपेक्षाही घट्ट. मग नायट्रोजन आपण दिवसभर निर्धास्त हुंगतो आणि हा प्राण घेतो, असे का? कारण नायट्रोजनमध्ये दोन अणू सारखे आहेत, येथे ते भिन्न आहेत. त्यामुळे सर्वांत वरच्या खोलीतील इलेक्ट्रॉन कार्बनच्या बाजूस झुकलेले असतात, व त्या बाजूने हा रेणू रक्तातील लोखंडास जाऊन बिलगतो. लोखंडही त्याच्या रिकाम्या खोल्यांत आपले इलेक्ट्रॉन देते, व पकड दुहेरी होते. ऑक्सिजनच्या पकडीपेक्षा ही पकड दोनशेपटींहून अधिक बळकट असते. रक्तात प्राणवायूस जागा उरत नाही. माणसास गुंगी येते, आणि झोपेतच घात होतो. म्हणून आम्ही पालकांस हात जोडून सांगतो : बंद खोलीत पेटती शेगडी ठेवून कधीही झोपू नका. ती बाहेर विझवा, व खिडकी थोडी तरी उघडी ठेवा. इलेक्ट्रॉन शिकलेल्या मुलाने ही एक गोष्ट जरी घरी पटविली, तरी त्याच्या शिक्षणाचे मोल पदरात पडले.

आमच्या या मतावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, मुलांच्या डोक्यावर हा भार कशास? परीक्षेत अष्टकाचाच प्रश्न येतो. यास आमचे उत्तर असे की, कक्षकांचे गणित शाळेत शिकवावे असे आम्ही म्हणतच नाही. परंतु नियम शिकविताना, "बाळांनो, हा नियम येथवर चालतो, आणि ऑक्सिजनपाशी अडतो," एवढे एक वाक्य सांगावयास किती वेळ लागतो? ते वाक्य न सांगितल्याने मुलास वाटते की, शास्त्र म्हणजे पाठ करावयाच्या आज्ञांची यादी. ते सांगितल्याने त्यास कळते की, शास्त्र हा चालू असलेला शोध आहे, व त्यात शंका विचारणारास मान आहे. ज्या मुलास शंका विचारण्याची सवय लागली, त्यास सावकाराचा हिशेब व दलालाची गोड वचने यांबद्दलही शंका येते. डोंगरातील मुलास ही सवय इतरांपेक्षा अधिक हवी.

दुसरा आक्षेप भाषेचा. अकरावीत शास्त्रशाखा घेतली की हाच विषय इंग्रजीतून समोर येतो, आणि आमची हुशार मुले तेथे गोंधळून माघारी फिरतात. घरी एक बोली, शाळेत मराठी आणि पुढे इंग्रजी, अशा तीन पायऱ्या त्यांस चढाव्या लागतात. म्हणून काही जण म्हणतात की, आरंभापासूनच शब्द इंग्रजी वापरावे. आमचे मत निराळे आहे. शब्द इंग्रजी असोत वा मराठी. कल्पना आधी स्वतःच्या भाषेत पक्की व्हावी. ज्याने 'जोडणारी खोली' व 'तोडणारी खोली' हे मनात धरले, त्यास पुढे इंग्रजी नाव शिकण्यास एक दिवस पुरतो. ज्याने केवळ इंग्रजी नाव पाठ केले, त्यास कल्पना उमगण्यास वर्षही पुरत नाही.

हा प्रांत आमच्या लोकांस नवखा आहे असेही कोणी समजू नये. मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये प्रा. एन. आर. तावडे यांनी स्वातंत्र्यापूर्वीच नायट्रोजनसारख्या द्विअणू रेणूंच्या वर्णपटांचा अभ्यास चालविला होता. एका कक्षकातून दुसऱ्या कक्षकात इलेक्ट्रॉन उतरला म्हणजे प्रकाश निघतो. त्या प्रकाशाच्या पट्ट्यांवरून रेणूच्या घराची रचना कळते. आर. के. आसुंडी या भारतीय शास्त्रज्ञाने १९२९ साली कार्बन मोनॉक्साइडच्या वर्णपटात अशी एक नवी मालिका वर्णिली. ती आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. त्या काळी साधने आजच्याहून तुटपुंजी होती; जिज्ञासा मात्र तुटपुंजी नव्हती.

असो. त्या पालकांस आमचे उत्तर थोडक्यात असे : आपला मुलगा नागली लावील, तर लावो, नागली लावणे हे मानाचेच काम आहे. परंतु ज्या हवेत ती डोलते व ज्या मातीत ती रुजते, त्यांचे गुपित जाणण्याचा त्याचा हक्क, तो डोंगरात जन्मला म्हणून आपण काढून घेऊ नये. सृष्टिकर्त्याने प्राणवायू देताना शहर व पाडा असा भेद केला नाही. त्या प्राणवायूविषयीचे ज्ञान वाटताना आपण तरी तो का करावा? आणि विद्यार्थिमित्रांनो, तुम्हांस आमचे सांगणे एकच. पुढच्या वर्गात कोणी अष्टकाचा नियम शिकवू लागले, तर तो नीट शिका, पाठही करा, परंतु शेवटी नम्रपणे हात वर करून विचारा, "गुरुजी, मग ऑक्सिजन चुंबकास का चिकटतो?" ज्या वर्गात हा प्रश्न विचारला जाईल, त्या वर्गात शास्त्राचे शिक्षण खऱ्या अर्थाने सुरू झाले असे आम्ही समजू.